मुरमाच्या खाणीवरचं गवत

राहुरीच्या स्टँडवर बनाबाई नगरच्या एस्टीच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढेच कॉलेजातले प्रोफेसर आणि खाणीवर झाडं लावायच्या तिच्या कामावरचा मुकादम रंभाजी बोलत होते.

"धरणासाठी खणलेल्या त्या खाणीवर गेल्या साली मी एकतीस जातींची रोपं मोजली होती. आज नुसती बाभूळ सापडली."

"बाभळी तर झोकात वाढल्यात, सायेब."

"त्या आपण लावलेल्या. आपोआप किती जाती उगवतात, त्यावरून जमीन सावरली का ते कळतं. बाकीचं गेलं कुठं?"

"शेरडं शिरली असतील."

"शेरडं मुळासकट खात नाहीत, रंभाजी. तिथं काही जगत नाही, असंच मला लिहावं लागेल. मग काम बंद होईल."

बनाबाई रांगेतून पुढं झाली.

"सायेब, शेरडं न्हाईत. आमी चौघींनी ते गवत उपटलं. आठ दिस उपटत हुतो."

"अहो, पण का?"

"तुमी बघाया येनार, रान सोच्छ दिसाया पायजे, असं सांगितलं हुतं."

"कोणी सांगितलं?"

"म्या," रंभाजी म्हणाला. "मला वाटलं, तुमी बाभळीच मोजनार."

एस्टी लागली. तिघांतलं कुणीच जागचं हललं नाही.