सिक्स झीरोचा दोरा

नको नको, हर्षितभाऊ, थ्री झीरो नको. आकडा लहान म्हणजे दोरा बारीक असं नसतं ते, उलटं असतं — जितके शून्य जास्त तितका बारीक. सिक्स झीरो म्हणजे सहा शून्य. चिठ्ठीवर डॉक्टरांनी तेच लिहिलंय, वाचा ना, नायलॉन, काळा. वर दवाखान्यात माझ्या दिशाला टेबलावर झोपवलंय, सासूबाई पाय धरून बसल्यात, आणि त्यांच्याकडचा दोरा संपलाय म्हणून मला खाली पाठवलं. भुवईवर फुटलंय. ओट्याच्या कडाप्प्याचा कोपरा लागला. चार वर्षांची आहे — नाही, ती नाही रडत, मीच रडलेली मघाशी, आता झालं माझं.

मला कसं माहीत? अहो, मी सातवी शिकलेली, पण रोज हेच करते ना. इथेच, मानपाड्याला, टाक्यांच्या दोऱ्याच्या कंपनीत. आतल्या बायका दोरा सुईसकट छोट्या कार्डावर गुंडाळतात, ट्रे भरून पाठवतात, ट्रेवर साइजची चिठ्ठी असते, आणि मी ती कार्डं छापलेल्या पाकिटात घालते. पोटाला वन नाही तर नुसता झीरो — पोट साधं खोकलं तरी ताणतं. हातापायाला थ्री, फोर. चेहऱ्याला फाइव्ह, सिक्स. डोळ्याला त्याहून बारीक, तो आमच्याकडे होत नाही. आता चेहऱ्याला जाडा घातला तर जखम भरत नाही असं नाही हां, भरते, पण दोन्ही बाजूंनी भोकांची रांग राहते, बुटाला नाडीची असते तशी. मुलीची जात, उद्या कुणी बघायला आलं की — जाऊ दे, चार वर्षांची आहे आत्ता. आमचे सुपरवायझर जगनसर पाहुणे आले की मला पुढे करतात. म्हणतात, हिला दोरा द्या, ग्लोव्हजमधून साइज सांगते. सांगतेच मी.

आहे ना? तोच, वरच्या फळीवरचा निळा खोका. आमच्याच कंपनीचा. आमचा माल डोळे मिटून घ्यावा — एक मिनिट हां. बॅच बघते. सवय असते आम्हाला.

दुसरा नाही का? दुसऱ्या बॅचचा? नाही, तारीख नाही गेलेली. खराबही नाही. फक्त हा नको. का म्हणजे — नको. समोरचं मेडिकल पाचला उघडणार, नाही का. आणि स्टेशनला जाऊन यायचं म्हणजे पाऊण तास, आणि डॉक्टरांनी सुन्न करायचं इंजेक्शन आधीच देऊन ठेवलंय, ते काय माझी वाट बघत थांबतंय?

सांगते. तुमच्यापाशी ठेवा. हा खंडेनवमीचा माल आहे. त्या दिवशी आमच्याकडे मशीनची पूजा असते — एरवी आत एक केस पडू देत नाहीत, पण त्या दिवशी दोन बोटं कुंकू आणि झेंडू लागतोच, मालकीणबाई स्वतः येतात. म्हणून ट्रे उचलून बाजूला खिडकीशी ठेवलेले. दोन ट्रे, एक फोरचा, एक सिक्सचा, दोरा दोन्हीचा काळा. परत आणताना बघतो तर चिठ्ठ्या खाली पडलेल्या. जगनसर म्हणाले, तुला काय गं, तू हात लावून सांगशील. आणि मी हात लावला नाही. बोटांना कुंकू होतं, ते धुवा, ग्लोव्हज घाला, तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला की दिशाला ताप चढलाय, दोनदा उलटी झालीय — मी अंदाजाने चिठ्ठ्या ठेवल्या, राहिलेली पाकिटं भरली आणि पळाले. दोन्ही ट्रेमधला अर्धा अर्धा माल पूजेच्या आधीच पाकिटांत भरून झालेला. चेकिंगला जी पाकिटं उघडली ती बरोबर निघाली, ती त्या अर्ध्यातली असणार. मला सकाळी सांगायचं होतं. सकाळी गेले तर माल पुढे गेलेला. मग दिवाळी आली. मग मी म्हटलं, अंदाज बरोबर असेलही की. असतो कधीकधी.

डॉक्टरला उघडल्यावर कळेल म्हणता? कळेल. फोरची सुईसुद्धा मोठी असते. पण पोरगं किंचाळतंय, बाहेर वीस पेशंट, हातात हाच दोरा आलाय — कळूनसुद्धा चार टाके घालून मोकळा होतो माणूस. मीसुद्धा मोकळी झालेच ना.

एक पाकीट फोडते इथे. माहितीये, फोडलेला मग जखमेला चालत नाही, टाकूनच द्यायचाय तो. कात्री नको, असंच फाटतं. ग्लोव्हज नाहीत ते बरंच.

थांबा.

फोर आहे.

पंखा बंद करता का जरा? नाही, चक्कर नाही. दोरा उडतोय.

खोक्यात बारा येतात. हे धरून सात आहेत. म्हणजे पाच गेले. सगळे वरच्याच दवाखान्यात? नाही, कुणाकुणासाठी ते आठवू नका — ओठाला? केवढा होता? मी म्हटलं ना, आठवू नका.

दुसऱ्या कुठल्या कंपनीचा फाइव्ह झीरो बघा. तो चालतो चेहऱ्याला, सिक्सपेक्षा एवढासा जाडा. डॉक्टरांशी मी बोलते. हां, हाच. आणि हा खोका काउंटरखाली घ्या, फळीवर परत चढवू नका. मागे तक्रारीचा नंबर छापलाय, त्याच्यावर फोन लावा. मी? मला नाही जमणार, मी चार महिने तोच नंबर पाकिटांवर वाचतेय. माझं नाव सांगायची गरज नाही. बॅच नंबर सांगितला की पाकिटं भरायच्या टेबलावर कोण होतं ते निघतं त्यांच्याकडे.

आत्ता नका लावू. माझ्यासमोर नको. इथून जिना दिसतो ना तुम्हाला? मी वर पोचले, दार लावलं, की लावा.