पाण्याची कल्पना करा

…नाही, मला एक सांगा, हात धुवायला शिकवायचं म्हटल्यावर पाणी नको का? लागतं ना? तुम्ही माना डोलावताय म्हणजे लागतं. मग तुम्ही त्या प्रकल्पात टिकला नसता! पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं तुम्हाला! कारण तुम्हाला सांगतो, आमच्या वस्तीतल्या शाळेत एका वर्षात हात धुण्याचं प्रशिक्षण झालं नऊ वेळा. नऊ! आणि पाणी? एकदाही नाही. चाळीस माणसं ओळीत उभी करायची, हात पुढे करायला लावायचे, आणि साहेब समोर उभे राहून नाकातून म्हणणार, "तळव्यावर तळवा… बोटांत बोटं… छान… आणि आता, पाण्याची कल्पना करा!" कल्पना करा! चाळीस माणसं कोरडे हात चोळतायत. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत थंडी फार पडलीय!

मी काय करत होतो तिथे? मी दुभाषी. पैसा ज्यांचा त्यांची भाषा मला येते, आणि पाणी ज्यांना हवं त्यांची तर आपलीच. पण ही हकिगत माझी नाही हो, माझ्या वहिनीची आहे. थोरल्या भावाची बायको. भाऊ ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. वहिनी त्याच शाळेत सफाईला. लहानखुरी, कमरेला पदर खोचलेला, आवाज असा की आपणच पुढे वाकून ऐकावं. आणि त्या बाईने… थांबा, क्रमाने सांगतो, नाहीतर मजा जाईल.

तर, लांबच्या एका थंड देशाने आमच्या शाळेला मुलींसाठी स्वच्छतागृह बांधून दिलं. त्यांची काही चूक नाही हं. चांगल्या मनाने दिलं बिचाऱ्यांनी. त्यांच्याकडे म्हणे नळ सोडला की पाणी येतं आणि कुणाला त्याचं नवलही वाटत नाही! निळ्या फरशा, बारा नळ, बारा आरसे, फीत काय, टाळ्या काय… आणि उद्‌घाटन झाल्यावर वहिनीने पहिला नळ सोडला तर आतून नुसतं "फुस्स!"

वहिनी साहेबांकडे गेली. "साहेब, पाणी?"

"पुढच्या टप्प्यात."

हे साहेब म्हणजे आमचे इथले प्रकल्पाधिकारी. पाणी पुढच्या टप्प्यात, दरवाजाच्या कड्या त्याच्या पुढच्या टप्प्यात, हा टप्पा कसला तर जागृतीचा! लोकांनी नावच ठेवलं टप्पेसाहेब. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, बगलेत फाइल, आणि बोलताना डोळे मिटायची सवय. डोळे मिटल्यावर काय, सगळीकडे पाणीच पाणी दिसत असेल!

आता निळी फरशी दिसायला सुरेख, पण पाणी नसलं तर दोनशे मुलींच्या शाळेत दोन दिवसांत तिचा मूळ रंग कुठला हे विचारायची सोय राहत नाही. मग पाणी आणणार कोण? वहिनी! गल्लीच्या पार टोकाला हापसा. तीनशे बारा पावलं. तिने मोजलीत. दोन हातांत दोन बादल्या, दिवसाला वीस खेपा, गुडघे असे वाजायचे की ती यायच्या आधी गुडघे यायचे. आणि एवढं करून पुरायचं थोडंच? माझी पुतणी त्याच शाळेत, चौदा वर्षांची. महिन्यातले चार-पाच दिवस ती घरीच बसायला लागली. मुलींचं असतं ते, तुम्हाला कळलं. पाण्याशिवाय कुठे जाणार पोर? चार-पाच दिवस करत करत गणित गेलं, मग शास्त्र गेलं, मग एक दिवस दप्तर खुंटीला टांगून म्हणाली, "आई, मी नाही जात आता." हुशार पोर हो! हे मात्र मी तुम्हाला हसत सांगू शकत नाही.

त्याच आठवड्यात नववं प्रशिक्षण. टप्पेसाहेब डोळे मिटून, "पाण्याची कल्पना करा…" आणि वहिनी उभी राहिली.

"साहेब, कल्पना मी वर्षभर करतेय. माझ्या पोरीची शाळा सुटली. पाइप कधी टाकणार?"

साहेबांनी एक डोळा उघडला. एकच! म्हणाले, "बाई, पाणी ही नंतरची गोष्ट आहे. आधी सवय लागायला हवी. तुमच्यासारख्यांना सवयच नसते ना, म्हणून तर त्या लोकांना एवढ्या लांबून यावं लागतं."

तुमच्यासारख्यांना! दिवसभर दुसऱ्यांची घाण धुणाऱ्या बाईला हा माणूस म्हणतोय, सवय नाही! आणि वर हसला. तो हसला म्हणून मुख्याध्यापक हसले, ते हसले म्हणून सगळे हसले, आणि… खोटं कशाला सांगू, मीपण हसलो. नोकरी होती हो! वहिनीने मान वळवून फक्त माझ्याकडे बघितलं आणि खाली बसली. घरी आल्यावर मला जेवायला वाढलं, "भाऊजी, पोटभर जेवा," म्हणाली. मी अर्ध्या ताटावरून उठलो! कारण तुम्हाला सांगतो, आमची वहिनी ओरडली तर घाबरायचं कारण नसतं. ती गप्प झाली, की आपण सामान बांधावं.

पंधरा दिवसांनी बातमी आली, परदेशातून मॅडम येणार! काम तपासायला! टप्पेसाहेबांची जी धावपळ… झाडांच्या बुंध्यांना चुना, आरशांना पॉलिश, आणि खरी हुशारी पुढेच! भेटीच्या दिवशी सकाळी सातला पाण्याचा टँकर. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरली. मॅडम येणार दहाला, नळ धो धो वाहणार, मॅडम जाणार अकराला. कल्पना करा! एक तासाचं पाणी, बाराही नळांना!

साहेबांनी वहिनीला बोलावलं. "हे बघा बाई, मॅडम येईपर्यंत सगळं लख्ख हवं. एक डाग दिसता कामा नये."

वहिनी म्हणाली, "होय साहेब. अगदी एक डाग ठेवत नाही."

आणि साहेब मॅडमना आणायला गेले, आणि वहिनीने कमर कसली. सांगितल्या शब्दाबाहेर गेली नाही हो ती! फरशा धुतल्या. भिंती धुतल्या. छत धुतलं! व्हरांडा, पायऱ्या, फाटक, फाटकाबाहेरचा रस्ता धुतला! मग रस्त्यावरच्या बायका म्हणाल्या, काय गं, एवढं पाणी? वहिनी म्हणाली, "भांडी आणा." बस्स! हंडे काय, पिंपं काय, एक म्हातारी तर पोराबाळांचं दूध तापवायचं पातेलं घेऊन आली! साडेनऊला टाकीच्या तळाशी नुसती ओल. नळ सगळे घट्ट बंद, पुसून चकचकीत. वहिनी केस नीट करून दाराशी उभी.

दहाला पांढरी गाडी आली. मॅडम उंच, साध्या कपड्यांत, वहीत भराभरा लिहिणाऱ्या. गाडीतून उतरता उतरता टप्पेसाहेबांनी माझा दंड धरला. "मी सांगेन तेवढंच भाषांतर. कळलं? बाकी कुणी काही बोललं तर म्हणायचं, लोक आभार मानतायत." मी हो म्हटलं. नेहमी तेच म्हणायचो हो! त्या वर्षात आमच्या वस्तीने जेवढे आभार मानले तेवढे कुठल्याच वस्तीने मानले नसतील!

आत आल्यावर मॅडम म्हणाल्या, प्रात्यक्षिक बघायचंय. साहेब खूश! आणि वहिनी पुढे आली, आवाज अगदी मधाळ. "साहेब, तुम्हीच करून दाखवा ना. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही."

स्तुती म्हणजे काय सांगू… साहेबांनी बाह्या वर केल्या. वहिनी म्हणाली, "पण साहेब, हात मुळात स्वच्छ असतील तर धुतलेले कळणार कसे?" मॅडमना मी सांगितलं, त्यांना पटलं, त्या टाळ्या वाजवायला लागल्या. आता मागे कसं हटणार? आणि वहिनीने डबा पुढे केला. हापशाला घालतात ते काळं वंगण! साहेबांचे दोन्ही हात तिने स्वतः मनगटापर्यंत माखले. पोटच्या पोराला तेल लावावं तसे, प्रेमाने, बोटाबोटांतून. मग वरून फरशी पुसायचा पातळ साबण, अख्खी बाटली. साहेब सुरू! "तळव्यावर तळवा… बोटांत बोटं…" काळा फेस कोपरापर्यंत! मध्येच नाकाला खाज आली, त्यांनी खाजवलं. नाक काळं. डोळ्यावर केस आले, बाजूला केले. कपाळ काळं. "आणि आता," साहेब डोळे मिटून म्हणाले, "आता पाणी!"

वहिनीने नळ सोडला. फुस्स.

दुसरा सोडला. फुस्स. तिसरा… बाराही नळ, एकेक करून, सावकाश. आणि बाराव्यानंतर साहेबांकडे वळून, शांतपणे, नाकातून म्हणाली,

"साहेब, पाण्याची कल्पना करा."

अहो, मागे उभ्या दोनशे मुली! जो हशा फुटला! खिडकीवरची कबुतरं उडाली! मॅडमनी मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" साहेब ओठ न हलवता माझ्याकडे फुसफुसले, "सांग, पाणी वाचवायचं प्रात्यक्षिक आहे. सांग!" आणि वहिनी माझ्याकडे बघत होती. तशीच, त्या दिवशीसारखी.

मी सांगितलं. सगळं सांगितलं! नऊ प्रशिक्षणं, तीनशे बारा पावलं, पुतणीचं दप्तर, सकाळचा टँकर, टाकी कुणी रिकामी केली तेही. वर्षभराचं भाषांतर एका दमात! मॅडमची वही मिटली. त्यांनी वहिनीला विचारलं, पाइप कुठाय? वहिनी त्यांना इमारतीच्या मागे घेऊन गेली. भिंतीतून पाइप बाहेर आला होता हातभर, आणि संपला होता. तोंडावर गांधीलमाशीचं पोळं. मॅडम म्हणाल्या, "हा पुढे कुठे जातो?"

वहिनी म्हणाली, "पुढच्या टप्प्यात जातो."

याचंही भाषांतर केलं मी. शब्दाला शब्द!

इकडे साहेबांची अवस्था… वंगण वाळायला लागलेलं, साबण चुरचुरायला लागलेला, गाडीच्या दाराला हात लावायला गेले तर ड्रायव्हर ओरडला, "साहेब, सीट पांढऱ्या आहेत!" मग निघाले गल्लीत, तांब्याभर पाणी मागायला. पहिलं दार. आत सात हंडे भरलेले, दारातून दिसतायत! बाई म्हणाली, "साहेब, पुढच्या टप्प्यात." दुसरं दार, "पुढच्या टप्प्यात." ती पातेलंवाली म्हातारी तर ऐकू कमी येतं म्हणून तीनदा विचारायला लावून मग म्हणाली, "पुढच्या टप्प्यात हो बाळा!" कुणी कुणाला शिकवलं नव्हतं हं! वर्षभर ऐकून ऐकून पाठ झालेलं सगळ्यांना!

शेवटी हापशाशी पोचले. आता हापसा एकट्याने मारून एकट्याने हात धुता येतात का? दांडा हातातून निसटतोय! तेवढ्यात मागून वहिनी आली. दोन रिकाम्या बादल्या घेऊन.

"हापसते मी. पण जाताना या दोन भरून शाळेत न्यायच्या."

साहेब बघतच राहिले. डोळे, पहिल्यांदाच, दोन्ही उघडे. "बाई, मी अधिकारी आहे."

"म्हणून तर दोनच सांगितल्या."

आणि नेल्या त्यांनी! तीनशे बारा पावलं, बूट चिंब, पँट चिंब, अर्धं पाणी रस्त्यात, नाक अजून काळं. वहिनी शेजारून मोकळ्या हातांनी चालतेय आणि म्हणतेय, "सावकाश साहेब. सवय नसते ना तुमच्यासारख्यांना." मॅडमनी फाटकातून फोटो काढला. वहिनी आत गेली आणि तेच पाणी साहेबांसमोर संडासात ओतून आली.

तर झालं काय, की तीन महिन्यांत पाइप पडला. खरोखरचा! मॅडमनी स्वतः पाठपुरावा केला. पुतणी शाळेत जाते, गणितात अजून कच्ची आहे, पण जाते. मला काढून टाकलं. पत्रात कारण काय दिलंय माहितीये? "भाषांतरात अनावश्यक अचूकता." आणि टप्पेसाहेब? तुम्हाला वाटलं असेल गेले कामातून? अहो, तो बादल्यांचा फोटो! मुख्य कार्यालयाने छापला वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर. खाली ओळ, "जनतेसोबत पाणी वाहणारा अधिकारी." बढती मिळाली माणसाला!

आता नळाशेजारी संगमरवरी पाटी लावलीय. वर त्या देशाचं नाव, मध्ये खात्याचं, खाली मोठ्या अक्षरांत साहेबांचं, "यांच्या अथक परिश्रमातून." वहिनीचं नाव कुठेच नाही. माझा नुसता जळफळाट! म्हटलं, "वहिनी, अर्ज कर, आत्ता लिहून देतो!" ती संडासाची फरशी पुसून आली होती. हातातलं फडकं पिळलं, झटकलं, आणि बरोबर साहेबांच्या नावावर वाळत घातलं. रोज तिथेच घालते म्हणे.

"कशाला अर्ज, भाऊजी?" म्हणाली. "माझं नाव असतं, तर हे घालायला जागा कुठे उरली असती?"