कोरड्या नदीतला झिरा

—न्हाई न्हाई, बस तू, उठू नको, एवढा फॉल लावून झाला की घेते तुझं माप. निरोपसमारंभाला अजून आठ दिवस हैत म्हणतीस ना, मंग इतकी जल्दी काय? दहावीच्या पोरींचं हे मला कळत न्हाई बघ — वर्षभर दोन वेण्या आणि एका दिवसासाठी साडी, ती पण आईची न्हाई तर मावशीची, आणि ब्लाउज मात्र नवंच पाहिजे. मापाचं आणलं न्हाईस? पहिल्यांदाच शिवतीस, मंग कुठून आणणार, बराबर आहे. अंगावरून घेऊ. आणि तो गोटा ठेव खाली बाई, खेळायचा न्हाई तो. कापड कापताना सरकू नये म्हणून वर ठेवते मी. चार हैत तसले. शेजारची रमाबाई म्हणते, लोखंडाचं वजन घे की एखादं, दगड काय ठेवतीस दुकानात — पण हाताला सवय झाली आता. ठेव. तिथंच, होता तसा.

काय बघून राह्यलीस? फोटो? सगळ्या बघतात. उजवीकडची गॉगलवाली मीच आहे, ओळखू येत न्हाई ना? ओमानमधला आहे. आमचे हे तिकडं निजवा म्हणून गाव आहे, तिथं गाड्या दुरुस्तीच्या कंपनीत फोरमन होते. पाच वर्षं होते मी तिथं. घरातच मशीन टाकल्तं, केरळच्या बायांचे ब्लाउज शिवायची — आणि गाडी चालवायची. हसू नको. तिसऱ्या परीक्षेला का होईना पण लायसन मिळालं मला. इथं जाफराबादेत स्कुटीवर मागं बसायला भ्यायची मी, आणि तिथं चारपदरी रस्त्यावर एकटी भाजी आणायला जायची. कुणी साधना म्हणून ओळखलं नसतं मला. डावीकडची? ती — ती मैत्रीण माझी. दैवशाला. भोकरदनला पाचवीपासून एका बाकावर होतो. पंधरा दिवसांसाठी आल्ती माझ्याकडं.

न्हाई. आता न्हाई ती. तिकडंच गेली, दहा वर्षं झाली. तू इथली न्हाईस वाटतं, इथं लहान लेकराला पाठ आहे ते. कुणी म्हणतं पाण्यात गेली. कुणी म्हणतं, पाण्यात गेली तर मय्यत का सापडली न्हाई, तिकडंच कुणाबरोबर राहिली, नवऱ्याला कंटाळल्ती. तिची सासू भोकरदनला अजून तेच सांगत फिरते म्हणे — नातीच्या देखत. पाच वर्षांची पोर ठेवून आल्ती ती सासूजवळ. मी? मी सांगितलं की एकदा, पाण्यात गेली म्हणून. पोलिसांना सांगितलं, तिच्या नवऱ्याला सांगितलं. पुन्हा पुन्हा दारोदार जाऊन कोण सांगत बसणार? लोकांचं तोंड म्हणजे काय हूक-काज आहे लावून टाकायला? बोलू दे म्हणलं. बोलून बोलून थकतील — थकले मात्र न्हाईत.

झालं बघ. ये, इथं उजेडात उभी रहा. हात सैल सोड. श्वास धरू नको, सगळ्या पोरी श्वास धरतात आणि मंग म्हणतात साधनाताईनं टाइट केलं. उंची — साडेतेरा. थांब, वहीत लिहिते.

तुला सांगते, अशी बाई बघितली न्हाई मी दुसरी. इथं तिला एकटीला जालन्याला जाऊ द्यायचे न्हाईत, आणि तिथं उतरली ती डब्यात चाळीस धपाटे घेऊन, विमानात शेजारच्या बाईला पण दिले म्हणे दोन. दुसऱ्याच दिवसापासून मागं लागली, मला सगळं दाखव. गेलो. वाळूचे डोंगर असतात तिथं, आपल्या पाण्याच्या टाकीएवढे उंच, ड्रायव्हर टायरमधली हवा काढतो आणि गाडी सरळ खाली सोडतो. मी सीटखाली डोकं घातलं. ही म्हणली, भाऊ, आणखी एकदा. हिंदीत. पहाटे समुद्रावर गेलो, तिथं कासवं येतात अंडी घालायला, परातीएवढी — ही त्यांच्याबरोबर चार पायांवर चालून राह्यली वाळूत. डोंगरातल्या डोहात पंजाबी ड्रेससकट उडी मारली. पोहता यायचं तिला, मामाच्या विहिरीत शिकल्ती. मला न्हाई येत. मी काठावर टॉवेल धरून उभी. दहा दिवसांत अशी फिरायला लागली त्या मुलखात, की दुकानदार मला सोडून तिच्याशी बोलायचे. माझेच दुकानदार. छाती बत्तीस. दोन कुर्ते शिवून दिले मी तिला तिथं, फोटोत घातलाय तो त्यातलाच. डावा खांदा उतरता होता तिचा, अर्धा इंच. तिच्या आईचा पण तसाच होता म्हणायची. शाळेच्या ड्रेसात ओढणी सारखी घसरायची तिची डावीकडून. मी आतून पट्टी लावायची बारीकशी, मंग दोन्ही खांदे सारखे दिसायचे. कुणाला ठाऊक नव्हतं, फक्त मला आणि तिला. कंबर सव्वीस. खात न्हाईस काय गं घरी?

तू कमी बोलतीस पण ऐकतीस छान. बाया आल्या की आपलंच सांगतात, माझं कोण ऐकतं. — कसं झालं? काय सांगू, बाराव्या दिवशी झालं. शुक्रवार होता, तिकडं सुट्टीचा दिवस, पण ह्यांना कामावर बोलावल्तं. वादी म्हणतात तिकडं नदीला. वर्षभर कोरडी ठक्क, नुसते गोटे आणि रेती. ह्यांनी पहिल्याच वर्षी बजावल्तं मला, डोंगरावर ढग दिसले की वादीत पाय ठेवायचा न्हाई. मी तिला म्हणलं. खूप म्हणलं, उतरू नको म्हणून. पण ती म्हणली ही तर आपली केळणा नदीच झाली की मे महिन्यातली, चल, झिरा करू. तुम्ही आता करत न्हाईत, नळ आले. आम्ही करायचो — कोरड्या नदीत हातानं रेती उकरायची कोपरापर्यंत, आणि गप बसायचं. आधी ओल येते, मंग गढूळ पाणी, ते उपसून टाकायचं, आणि मंग येतं ते काचेसारखं. तेवढ्यासाठी उतरली ती. माझं ऐकलं न्हाई. मी वर गाडीत होते.

म्हणजे — आधी उतरलोच दोघी. मी एकटी वर काय करू? बाही किती ठेवू, कोपरापर्यंत? बरं. दोघींनी मिळून उकरलं. आणि लागलं की पाणी. परक्या मुलखात आपल्यासारखंच पाणी लागलं, इतक्या हसलो आम्ही, मी किती वर्षांनी हसले तशी. उकरताना गोटे निघाले, गुळगुळीत, पांढरे. ती म्हणली हे अर्पूला नेते, अर्पिताला, सागरगोटे खेळायला, तिकडचे म्हणून मैत्रिणींना दाखवील. पाच लागतात ना. एकसारखे चार मिळाले, ते माझ्या ओढणीच्या टोकात बांधले तिनं. पाचवा मिळेना. एक मोठा, एक चपटा. ती वाकून शोधून राह्यली. ऊन होतं डोक्यावर, पण वारा आला, आणि त्या वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता. पाऊस कुठंच नव्हता. शेरडं होती थोडी वादीत, ती सगळी एका रांगेत वर चढून गेल्ती, कुणी हाकलली नव्हती तरी. मी बघितलं ते. दैवशालानं न्हाई बघितलं, तिचं डोकं खाली होतं.

कुणी सांगितलं न्हाई का आम्हाला? — न्हाई. कोण असणार तिथं. — एक गाडी थांबल्ती म्हणा वर रस्त्यावर, पिकअप. हॉर्न वाजवला. एक म्हातारा उतरला, काठी घेऊन, वरूनच ओरडून राह्यला, डोंगराकडं हात करून. दैवशालाला वाटलं, दोन बाया एकट्या बघून रागावला. म्हणली, इकडं पण हैत का आपल्या गल्लीतले आबा. — काय म्हणत होता म्हणजे? अरबीत म्हणला तो. मला काय ठाऊक. मागं फीर, पाठ घ्यायची आहे. मान खाली घे थोडी.

पाच वर्षं राहिले मी तिथं. एवढं तर कळतंच. वर पाऊस झालाय म्हणला, पाणी निघालंय, या वर. एवढंच. दैवशालानं मला विचारलं, काय म्हणतोय गं? — आणि मी म्हणलं, काही न्हाई, गाडी बाजूला घ्या म्हणतोय. मी घेते, तू शोध.

असं बघू नको मागं वळून, टेप हलतो. ऐक की. त्या दिवशी सकाळी नाश्त्याला हे बसल्ते, आणि ती म्हणली ह्यांना, दाजी, साधना अजून तशीच भित्री आहे हो, हिच्या जागी मी असते तर अख्खं ओमान फिरले असते तुमच्याबरोबर. आणि हे हसले. मनापासून हसले. पाच वर्षांत माझ्याकडं बघून तसे हसले न्हाईत. तेवढंच होतं. दुसरं काही न्हाई माझ्या मनात, देवाशपथ. मला वाटलं, एकदा, एकदाच तिला भेऊ दे. घोट्याला पाणी लागलं की चपला घेऊन पळत येईल वर, आणि मी काच खाली करून विचारीन — काय गं, भित्री कोण? आपल्याकडं पूर येतो तो कसा येतो, तूच सांग. आधी पाणी गढूळ होतं, मंग घोटा, मंग गुडघा. शेळ्या काढून न्यायला वेळ असतो, धुणं गोळा करायला वेळ असतो. काठावर उभं राहून बायका बघतात पूर. मी तोच पूर धरून बसल्ते मनात. तिथला तसा येत न्हाई हे ह्यांनी सांगितलं होतं मला, पण सांगितलेलं आणि बघितलेलं सारखं असतं काय? म्हातारा मला वर आलेली बघून गेला निघून, त्याला वाटलं दुसरी पण येतीच आहे मागून. पुढं वादीत आणखी लोक असतील, त्यांना सांगायला गेला असंल, हॉर्न वाजवत. मी गाडीत बसले. एसी लावला. हॉर्नवर हात ठेवून बसले — तयारीत. आवाज आला आधी, रेतीचे ट्रक खाली करतात ना, तसला, थांबतच नव्हता तो. तरी दोन मिनिटं होती. पूर्ण दोन मिनिटं होती माझ्याजवळ. मी म्हणलं अजून थोडं. पाणी दिसू दे आधी. आणि वळणावरून दिसलं ते पाणी नव्हतंच, भिंत होती, काळी, झाडं उभी होती तिच्यात. मी हॉर्न दाबला तेव्हा दैवशालानं मान वर केली. हसली. हात वर केला असा. मला दहा वर्षं वाटून राह्यलं की ती मला हाक मारत होती. न्हाई. मूठ होती तिची. पाचवा मिळाला म्हणून दाखवत होती.

हे मी कुणाला सांगितलं न्हाई. ह्यांना पण न्हाई. हे जालन्यालाच असतात आता, महिन्यातून एकदा येतात. तुला का सांगितलं काय माहीत, तू ऐकून घेतीस म्हणून असंल. लहान आहेस, विसरशील. तू म्हणशील लोक काहीबाही बोलत होते तेव्हा तरी बोलायचं. काय बोलणार? पाण्यात गेली म्हणलं की पुढं विचारतात, मंग तू कुठं होतीस. पळून गेली म्हणलं की मला कुणी काही विचारत न्हाई. झालं, एवढंच राहिलं, शोल्डर. सरळ उभी रहा. चौदा — न्हाई, एका बाजूला सरकला टेप. सरळ उभी रहा गं. पाय जोडून. डावा खांदा वर घे. अजून. —

सरळच उभी आहेस तू.

वहीत नाव लिहायचं राहिलं. — नको. नको सांगू. थांब. इथं बाई दुकानात शिरली की पहिलं तेच विचारते मी, कुणाची गं तू? कोण सून, कोण लेक, कुठल्या गल्लीतली. आज कशी विसरले. भोकरदनहून आलीस, न्हाई का? भोकरदनला काय टेलर न्हाईत? चार गल्ल्यांत सहा हैत. फोटोकडं बघत बसलीस तेव्हाच मला — रडत पण न्हाईस तू. रड की. काही म्हण मला.

कापड उचल हे. मी न्हाई शिवायची, माझ्याच्यानं शिवलं जायचं न्हाई. पावणेपाचची गाडी आहे भोकरदनची, जा, घरी वाट बघत असतील. जाऊन सांग तुझ्या आजीला, पळून गेली न्हाई ती. कुणी सांगितलं विचारलं तर सांग, साधनानं सांगितलं. सगळं सांग. न्हाईतर नको सांगू — तुझं तू ठरव, मला विचारू नको.

गोटे कशाला — बरं. घे. तुझेच हैत. चारच हैत.

जा म्हणलं ना. आणि ऐक, ज्या कुणाकडं टाकशील हे ब्लाउज, त्याला सांग — डावीकडं आतून अर्ध्या इंचाची पट्टी लाव म्हणावं. न्हाईतर पदर सारखा घसरेल तुझा.