रांगेलच्या घरातला घूं

...नाही, मला सांगा, साडू काय आपण निवडतो का? बायको आपण निवडतो, निदान तसं वाटतं तरी! पण साडू हा बायकोबरोबर पुडीत बांधून मिळतो. मला मिळाला रांगेल. माणूस सोन्यासारखा हो, शाळेत भूगोल शिकवतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, दारूसुद्धा बेताची... पण गाणं ऐकायला बसला की... बसला की कसलं! बसतच नाही ना तो, तेच तर दुखणं आहे! तबकडी लावणार, सुई टेकवणार, खुर्चीत टेकल्यासारखं करणार आणि लगेच मान वाकडी. "मिंचो, ऐकलंस?" मी म्हणतो, ऐकतोय की, छान गाते बाई. "बाई नाही रे! बाईच्या मागे!" बाईच्या मागे काय? "घूं."

घूं! तुम्हाला सांगतो, त्या एका अक्षरानं आमच्या अख्ख्या खानदानाला पिळून काढलंय. बारीक हो, अगदी बारीक. शेजारच्या खोलीत म्हातारा भुंगा झोपेत कण्हावा तसा. स्पीकरला कान लावला तर येतो ऐकू. पण स्पीकरला कान लावून गाणं ऐकतं कोण? रांगेल ऐकतो!

मग सुरू झालं. वायरी बदलल्या. जुन्या बारीक होत्या म्हणून जाड आणल्या, इतक्या जाड की माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा वाटलं, जावयानं घरात साप पाळले. घूं काही जाईना. रेकॉर्ड प्लेयरखाली रबर घातलं, रबराखाली संगमरवर घातला, तो संगमरवर कबरी घडवणाऱ्याकडून आणला, त्याच्या एका बाजूला कुणाचं तरी अर्धं आडनाव आहे अजून! घूं काही जाईना. मग घरातले दिवे काढले. सगळे! म्हणे दिव्यांमुळे असेल. त्सोन्का, त्याची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी, बिचारी औषधाच्या दुकानात दिवसभर उभी राहून घरी यायची आणि अंधारात चाचपडत कांदा चिरायची. खालच्या मजल्यावरच्या बाईंना जाऊन सांगितलं, तुमचा फ्रीज तासभर बंद ठेवा. त्या म्हणाल्या, "का हो, मास्तर?" हा म्हणाला, "मला शांतता ऐकायचीय." त्या बाई तेव्हापासून जिन्यात भेटल्या की पिशवी छातीशी धरतात! आणि घूं? घूं आपला जागच्या जागी!

यात तेल ओतायला एक गुरू आहे ना, झाप्र्यान! पाझार्जिकला असतो. दाढी इथपर्यंत, बोलणं असं की वाक्य सुरू झाल्यावर तुम्ही चहा करून पिऊन यावं, तरी ते चालूच. "रांगेऽऽऽल... आवाज... कानात नसतो... आवाज... यंत्राच्या... आत्म्यात असतो." आत्मा! आणि प्रत्येक वेळी त्या आत्म्याचा उपाय नेमका झाप्र्यानच्याच तळघरात विकायला ठेवलेला असतो! आणि तो आणायला गाडी कुणाची? माझी! आणि ते धूड उचलून सहाव्या मजल्यावर कोण चढवणार? लिफ्टमध्ये नेत नाही तो, लिफ्ट हादरते म्हणे. यंत्राला हादरा बसला तर बसला, माझ्या कमरेचं काय?

बरं, हे सगळं चाललं होतं तोवर चालू द्या म्हटलं असतं. पण मध्ये आलं त्सोन्काचं गाणं.

त्सोन्का गाते, हे सांगायचं राहिलंच. आमच्या प्लोव्दिवच्या पेठेतल्या बायकांचा गट आहे त्यांचा, डोंगरातली जुनी गाणी म्हणतात. हिचा आवाज... काय सांगू, जाड आहे, खोल आहे, विहिरीत वाकून हाक मारावी तसा. पण आयुष्यभर मागच्या रांगेत उभी! का, तर भीती वाटते. आणि ह्या वर्षी स्मोल्यानच्या मेळाव्यात, रेडिओवरून थेट, सगळ्या देशाला ऐकू जाईल असं गाणं, आणि गटप्रमुख बाईंनी सांगितलं, दोन कडवी त्सोन्का एकटी म्हणेल. आठवडाभर हिनं जेवण सोडलं. दुकानात सर्दीच्या माणसाला जुलाबाची गोळी दिली!

जायच्या दिवशी बॅग दारात ठेवून ती रांगेलला म्हणाली, मी तिथंच होतो, स्टँडवर सोडायला मीच ना, "रांगेल, एक मागते. रविवारी काही खोलू नकोस. घूं असला तर घूंसकट ऐक. आपल्या लग्नापासून तू माझ्याशेजारी बसून एक गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाहीस."

रांगेल विरघळला हो. डोळ्यांत पाणी. "त्सोन्के, हात लावणार नाही. शपथ!"

आणि शनिवारी सकाळी फोन. "मिंचो, गाडी काढ."

मी म्हटलं, "कुठं?"

"पाझार्जिकला. झाप्र्याननं अँप्लिफायर विकायला काढलाय. जुन्या पद्धतीचा, काचेच्या बल्बांचा. ह्याच्यात घूं येऊच शकत नाही म्हणतो."

"अरे, तू शपथ घेतलीस!"

"खोलणार नाही म्हणालो होतो. हा अख्खा बदलायचाय. खोलायचा कुठंय?"

मी गाडी काढली. मी नेहमी गाडीच काढतो!

रविवार उजाडला. सासूबाई आल्या नव्या रुमालात डोकं बांधून, हातात बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पोळीचा तवा, अजून वाफा निघतायत. माझी बायको राडका आली, केस सेट करून. रेडिओवर कोण बघणार होतं हिचे केस? सगळे बैठकीत ओळीनं बसले. समोर तो नवा अँप्लिफायर, वर काचेचे बल्ब तांबडे तांबडे पेटलेले, जणू चर्चच्या वेदीसमोरच बसलोय. सासूबाईंनी खरोखरच छातीवर क्रूसाची खूण केली! रांगेलनं पांढरा शर्ट घातलेला. हात चोळत उभा. आणि त्यानं आवाज वाढवला...

घूंऽऽऽऽ!

पूर्वीचा भुंगा होता, हा रेडा होता! बानित्साच्या तव्यावरचं झाकण थरथरलं!

सासूबाई म्हणाल्या, "सुरू झालं वाटतं. पुरुषांचा गट आहे का?"

रांगेल पांढराफटक. मी म्हटलं, अरे असू दे, घूंसकट ऐकू, तीच म्हणालीय ना. तर माझ्यावरच उसळला. "ह्या रेड्यासोबत गायला लावू माझ्या बायकोला? सबंध घरासमोर? पाच मिनिटं दे. फक्त पाच मिनिटं!" आणि गेला कपाटामागे. रेडिओ बंद केला, नुसता अँप्लिफायर चालू ठेवला, घूं कुठून येतो ते हुडकायला. मला टॉर्च धरायला लावला. वायर काढ, घूं. वायर घाल, घूं. टॉर्च इकडे, टॉर्च तिकडे, "माझ्या डोळ्यांत नको मारूस रे गाढवा!" आणि घड्याळ पुढे पुढे पळतंय...

सासूबाईंनी दोन मिनिटं वाट पाहिली. मग उठल्या. "जावईबापू, तुमचं चालू द्या. माझी पोर गाणार आहे." गेल्या स्वयंपाकघरात. तिथं फ्रीजवर एक छोटासा प्लास्टिकचा रेडिओ, लोणच्याच्या बरणीपेक्षा लहान, एरियल मोडका. लावला. खर्रर्र... खर्रर्र... आणि त्या खरखरीतून निवेदक सांगतोय, आता प्लोव्दिवच्या महिला...

"अगं राडके, नीट लाव!"

"लागत नाही आई, एरियल नाही त्याला!"

आता ऐका हं. सासूबाई तरातरा बैठकीत आल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गच्चीवरच्या मोठ्या अँटेनाची वायर भिंतीतून येऊन रांगेलच्या त्या खानदानी रेडिओच्या डब्यात शिरलेली, मागे वेटोळं करून ठेवलेली, चांगली लांबलचक. बाईंनी कुणाला विचारलं नाही, काही नाही. धरली आणि मुळा उपटावा तशी उपटली! ओढत नेली स्वयंपाकघरात आणि टेकवली त्या छोट्या रेडिओच्या मोडक्या एरियलला.

आणि इकडे...

काही नाही.

खरंच काही नाही! अँप्लिफायर चालू, बल्ब तांबडे, आवाज पूर्ण वाढवलेला, आणि स्पीकरमधून... शून्य! इतके महिने, इतक्या वायरी, तो कबरीचा दगड, माझी कंबर... आणि तबकडी लावा नाहीतर रेडिओ लावा, घूं शिरत होता त्या अँटेनाच्या वायरीतून! जिच्याकडे झाप्र्याननं नाही, रांगेलनं नाही, कुणीच कधी बघितलं नव्हतं!

रांगेल कपाटामागून हळूहळू वर आला. केसांत जळमटं, पांढऱ्या शर्टावर काळा पट्टा. मला दंडाला धरलं. "मिंचो. ऐकू येतंय?"

"काय?"

"काहीच नाही!" आणि ओरडला, "गेला! अरे गेला! गेला रे गेला!" नाचायला लागला हो! भूगोलाचा मास्तर, पन्नाशीचा! मला कवटाळलं, गरागरा फिरवलं, टॉर्च पडला, आणि धावत स्वयंपाकघरात, "आई! गेला! घूं गेला!"

"श्श्श!" राडका.

"कोण गेला?" सासूबाई, छातीवर हात.

"तुम्ही घालवलात आई! काय वायर उपटलीत! या, बघा या, कणभर आवाज नाही!" आणि त्या म्हातारीच्या गालाचा मुका घेतोय, राडका त्याला चापट्या मारतेय, मी मागून ओढतोय, आणि ह्या सगळ्या गोंधळात फ्रीजवरून त्या विहिरीतल्या आवाजानं, एकट्यानं, शांतपणे, दुसरं कडवं संपवत आणलं... आणि टाळ्या.

टाळ्या ऐकल्यावर रांगेल थांबला.

"झालं?" म्हणाला.

सासूबाई रुमालानं डोळे पुसत होत्या आणि त्याच रुमालाआडून त्याच्याकडे अशा बघत होत्या की मीच दोन पावलं मागे सरलो.

इतक्यात फोन. त्सोन्का! धापा टाकतेय, मागे बायकांचा कलकलाट. "रांगेल! ऐकलंस? कसं झालं?"

आता माणसानं काय म्हणावं? छान झालं म्हणावं! कुणीही म्हणेल! पण हा घूंच्या नशेत, अजून उतरलेली नव्हती, तोंडातून गेलं, "त्सोन्के, अप्रतिम! कणभर आवाज नव्हता!"

पलीकडून तिनं विचारलं,

"माझा?"

"तुझा नाही गं! घूंचा!"

खट्. फोन बंद.

संध्याकाळी बस आली. बाकीच्या बायका उतरल्या, हसतखिदळत, हातात फुलं. त्सोन्का नाही. एकीनं निरोप दिला, "ती राहिली स्मोल्यानला, मैत्रिणीकडे. म्हणाली, त्याला शांतता हवी होती ना, बसू दे शांततेत."

आणि बसला तो. दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून बसला. नंतर त्यानंच सांगितलं मला. तबकडी लावली. घूं नाही. स्वच्छ. पहिलं मिनिट ऐकलं आणि हात आपोआप सुईकडे गेला, दुसरी तबकडी लावायला. मग थांबला. म्हटलं, आज पुढचं ऐकू. आणि मिंचो, म्हणाला, पुढचं मला ओळखीचंच वाटेना रे. भिंतभर तबकड्या माझ्या, सगळ्यांचं पहिलं मिनिट पाठ, आणि एकीचाही शेवट ठाऊक नाही. म्हणजे मी इतकी वर्षं ऐकत होतो ते काय?

हे त्यानं मला कुठं सांगितलं? गाडीत! कारण दुपारी पुन्हा फोन, "मिंचो, गाडी काढ." स्मोल्यान! ती वळणं! एरवी हा माझ्या गाडीतल्या खडखडाटावर प्रवचन देतो, त्या दिवशी सायलेन्सर लोंबत होता तरी त्याबद्दल चकार शब्द नाही.

अंगणात त्सोन्का मिरच्या भाजत होती, मैत्रिणीबरोबर. धुरानं डोळे लाल. निदान मी तरी धुरानंच समजलो. आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिरच्या उलट्या करायला लागली.

रांगेल फाटकातच उभा. "त्सोन्के, मी ऐकलं नाही."

"माहीत आहे. आईनं सांगितलं."

"तू गात होतीस आणि मी नाचत होतो."

"तेही सांगितलं."

"मला एकदा ऐकव. इथं मशीन नाही, वायर नाही, काही नाही. मी बसतो."

चिमट्यातली मिरची जळून कोळसा झाली. मग तिनं हात एप्रनला पुसले, घराच्या भिंतीला पाठ लावली आणि गायला लागली.

तुम्हाला सांगतो... मी गाण्यातला माणूस नाही. मला तो भुंग्यासारखा घूंसुद्धा स्पीकरला कान लावल्याशिवाय कधी ऐकू आला नाही. पण ती गायला लागली आणि मैत्रीण चुलीपाशी हात तसाच धरून उभी राहिली, समोरच्या डोंगरावर आदळून तो आवाज परत येत होता, आणि रांगेल... रांगेल उलट्या खोक्यावर बसला होता. बसला होता हो! मान सरळ, हात मांडीवर. पहिलं कडवं, दुसरं कडवं, शेवटपर्यंत. गालांवरून पाणी ओघळत होतं, पुसलंसुद्धा नाही.

गाणं संपलं. त्सोन्का त्याच्याकडे बघतेय, हा तिच्याकडे. मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे, इतक्या वर्षांनी ह्या माणसाला देवानं कान दिले!

मग रांगेल उठला. दोन पावलं पुढे आला. घसा साफ केला.

"त्सोन्के," म्हणाला, आणि आवाज इतका हळवा, इतका हळवा, "पुन्हा एकदा म्हण ना. फक्त... त्या भिंतीपासून जरा पुढे ये. मागची भिंत आवाज खाते. हां... अजून थोडी... आता जरा डावीकडे वळ..."

आणि तुम्हाला सांगतो, ती वळली हो! ओठ दाबून हसली, आणि वळली!

मी काय करणार? गप जाऊन गाडीत बसलो.