अंगावर काय होतं

पोरी, तुझ्या वडलांच्या अंगावर काय होतं — सांगता येईल का तुला? आत गेलीस की जमादार आधी तेच विचारतील. आठवत नसंल तर न्हाई म्हण, अंदाजानं सांगू नको. बस इथं — नंबर यायचाय अजून. मी सासऱ्यांच्या कागदांसाठी आलेय. सर्जेराव त्यांचं नाव. मी नवी नवरी होते तवा टीव्हीवर ती पोलिसांची मालिका सुरू झाल्ती — तिच्या तिसऱ्या-चौथ्याच भागात एक पोरगं हरवतं, अन् इन्स्पेक्टर आईला विचारतो, शर्ट कोणता होता? तिला सांगताच येईना. मामंजी म्हणाले, "दुर्गा, घरातून माणूस निघालं की कपडे बघून ठेवत जा." ठेवले की — पंचवीस वर्षं. मंग त्यांनाच विसर पडायला लागला, तर निघताना उंबऱ्यात उभे राहून गोल फिरून दाखवायचे, शिंप्याकडं आल्यासारखे. लई हसायचो आम्ही.

त्या दिवशी मी रागात होते. मामंजी शेजारच्या आमिनाभाभीला सांगून आल्ते, सून जेवायला देत न्हाई — अन् तासाभरापूर्वीच जेवलेले. आजारच तसा, कळत होतं मला, तरी राग आला. उंबऱ्यातून विचारलं त्यांनी, "बघितलं का गं?" मी तव्यावरची नजर न काढता म्हणलं, "बघितलं, जा." कुठलं बघितलं? दुपारपर्यंत परतले न्हाईत म्हणून इथं आलो. जमादारांनी विचारलं तवा नवरा शेजारी उभा — काय सांगू? म्हणलं, पांढरं धोतर, पांढरा सदरा. जन्मभर तेच घालायचे. जमादारांनी सगळीकडं तसंच कळवलं. सांजच्याला मी घरी गेले, तर दोन्ही धोतरं दोरीवर — ओली — सकाळी मीच धुतलेली. खुंटीवरची नातवाची पँट न्हाई. फोन हातात होता, पोरी. पण नवऱ्याला कळंल मी खोटं बोलले — तेवढंच आलं मनात. म्हणलं, सकाळी सांगू. थंडीचे दिवस ते. बदनापूरच्या हवालदारानंच नंतर सांगितलं — तिथल्या रेल्वे स्टेशनातल्या बाकावर पँट घातलेला म्हातारा त्यानं पाह्यला होता, दोनदा पुढून गेला — तो धोतरवाला माणूस शोधत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडणाऱ्या बाईनं त्यांना हलवलं, ते उठले न्हाईत.