डावखुरी सिस्टर

मंडळी, एक कोडं घालतो. अक्षर न् अक्षर खरं असलेलं उत्तर खोटं असू शकतं का? पखवाजवाले मान हलवताहेत – नाही! मलाही तसंच वाटायचं. आता खात्री नाही. ऐका!

शिरवडीत वामनराव टिळेकर नावाचे बातमीदार. त्यांच्या टेबलाच्या खणात एक पत्र पडून होतं, उत्तर न दिलेलं. लिहिणारी सिंधू भोईटे, सरकारी दवाखान्यातली सिस्टर. दवाखान्याचा फ्रीज बंद पडला, लशी खराब झाल्या, तरी डॉक्टर त्याच लशी पोरांना टोचायला लावत होते! हे तिनं वामनरावांना सांगितलं. अट एकच – "टिळेकरभाऊ, माझं नाव नको!"

बातमी आली. लशी बदलल्या. आणि सिंधूची बदली – थेट डोंगरातल्या आडगावी!

तिथून तिनं लिहिलं – "हे मी तुम्हाला आणि माझ्या मैत्रिणीला, कमलला, एवढंच सांगितलं होतं. तुम्ही कुणाला माझं नाव सांगितलंत का? नसेल, तर कमलनंच घात केला. मी तिच्याशी बोलणं टाकलंय."

वामनरावांनी नाव सांगितलं होतं? छे! संपादकांनाही नाही. बायकोलाही नाही! हसू नका, असे नवरे असतात. मग उत्तर का दिलं नाही? राग आला – माझ्यावर संशय?

पण एकदा बाजारात कमल भेटली. डोळ्यांत पाणी. "भाऊ, सिंधू माझी पत्रं परत पाठवते. मी केलं तरी काय?"

वामनराव घरी आले. पोस्टकार्डावर लिहिलं – 'मी तुमचं नाव कुणालाही सांगितलेलं नाही.' खरं की नाही? शंभर टक्के! पण मनात किडा वळवळला. कमलही नाही, मीही नाही – मग कळलं कसं? बायकोला म्हणाले, "अगं उमा, लशींची बातमी कुणी दिली, हे फुटलं कसं गं?"

"सिंधूचं म्हणताय?"

वामनराव उडालेच! "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच! बातमीत नाही का लिहिलंत – 'डाव्या हातानं अलगद सुई टोचणाऱ्या त्या माउलीचे डोळे भरून आले'? दवाखान्यात डावखुरी दुसरी आहे कोण?"

अरेरे! ते वाक्य! चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवलेलं!

वामनरावांनी कार्डाकडे पाहिलं. टाकलं पेटीत, तर आपण स्वच्छ! आणि कमल? ती कायमची चोर!

कार्ड फाडलं. दुसरं घेतलं, तर उमाबाई म्हणाल्या, "पुन्हा उघडं कार्ड? पोस्टमननं वाचावं म्हणून?"

मग कागद घेतला. 'सिंधूताई, नाव सांगितलं नाही, पण तुमची ओळख उघड केली ती मीच. वाक्य सुंदर जमलं, त्याचा मोह पडला. कमल निर्दोष आहे. तिला आधी लिहा, मला मागाहून रागवा.'

मंडळी, आपणही म्हणतो ना – 'नाव नाही हं सांगत!' आणि गल्ली सांगतो, घराचा रंग सांगतो, सून कुठली तेही सांगतो. कशासाठी? गोष्ट रंगावी म्हणून! आज घरी जाताना आठवा – आपल्या रंगलेल्या गोष्टीपायी कुठल्या कमलवर आळ आलाय?

वामनराव टपालपेटीशी पोचले. हात घुटमळला. तुमचा नसता घुटमळला? मग डोळे मिटले, आणि पाकीट आत सोडलं.