सुमनची बरणी

त्या दिवशी सुरतेत असा उकाडा होता की बरणीचं झाकण ढिलं होऊन स्पिरिटचा वास थेट जिन्यात गेला. माझी लेक सुमन शास्त्रज्ञ आहे, समुद्रातल्या जिवांमधून औषध शोधते. स्पंज नावाचे जीव स्पिरिटात बुडवून बरणी माझ्याकडे ठेवून गेली होती. "आप्पा, वर्षभराची मेहनत आहे, सांभाळा."

वासावर शेजारचा भिकन आला. "आप्पा, या वयात? गुजरातेत दारूबंदी आहे, पोलीस आले तर सगळं ओतून देतील."

मी सुपारीसुद्धा न खाणारा माणूस. तरी त्याला बसवलं, स्पंज दाखवले, सुमनचं काम समजावलं, स्पिरिट विषारी असतं हे परत परत सांगितलं. सगळी दुपार त्यात गेली. शेवटी चपला घालताना तो हळूच म्हणाला, "समजलं, आप्पा. पण स्पंज काढून घेतल्यावर उरलेलं ती फेकून तर देत नाही ना?"